गिटारची मान मोडली आहे, घरी जोडता येईल का?

माळ्यावरचा
१४ जून, रात्री १०:५२

गेल्या रविवारी बाल्कनीला बांधायची ताडपत्री माळ्यावरून काढत होतो. स्टुलावर मी, खाली चिरंजीव. ताडपत्री ओढली आणि तिच्यामागोमाग गिटार आली. कापडी कव्हरमध्ये होती म्हणून आपटल्याचा आवाज फारसा झाला नाही. एक ‘टक्’ आणि मग सहाही तारांचा एकदम झंकार. वाटलं, वाचली. कव्हर उघडलं तर डुलकी लागलेल्या माणसाची पडावी तशी मान पुढे पडलेली.

माहिती देतो. १९९६ साली धोबी तलावला घेतलेली, १८०० रुपये, पहिल्या पगारातून. आत कोलकात्याचं लेबल आहे. पंधरा-सोळा वर्षांत हात लावलेला नाही. नुकसान असं:

मान जिथे संपते आणि डोकं सुरू होतं, तिथे मागच्या बाजूने भेग. डोकं पूर्ण सुटलेलं नाही, पुढच्या बाजूने बिजागरीसारखं धरून आहे. हाताने मागे दाबलं की भेग जवळजवळ मिटते.

ब्रिज (वरच्या फळीवर तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) मागून उचलला गेलाय. खाली पोस्टकार्ड सरकतं. हे बहुतेक आधीपासूनच असावं.

ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत वरच्या फळीला साधारण ११ सेंटीमीटरची चीर.

स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवली. त्यांनी हातात न घेताच ‘टाकून द्या, नवीन घ्या’ म्हटलं. चिरंजीव १४ वर्षांचा आहे, शिकायचं म्हणतोय, त्यामुळे नवीन घ्यायला घरातून ना नाही. पण टाकवत नाही. सुतारकामाचा अनुभव म्हणाल तर एक शेल्फ बसवलंय, तेही किंचित उतरतं आहे.

जाणकारांनी मदत करावी. फोटो चढत नाहीयेत, उद्या बघतो.

रंधा
१४ जून, रात्री ११:२०

बाकी सगळं नंतर. आधी उठा आणि सहाही तारा सैल करा. काढूनच टाका. मोडलेल्या मानेवर तारा ताणलेल्या ठेवणं म्हणजे फ्रॅक्चर झालेल्या हाताने पाण्याची बादली उचलण्यासारखं आहे.

आणि भेगेत काहीही घालू नका. तेल नको, फेविक्विक नको. बोटही घालू नका. आतले तंतू जितके ताजे आणि कोरे, तितका सांधा घट्ट बसतो.

मग तीन गोष्टी बघून सांगा:
भेग सरळ तिरपी आहे की दातेरी?
डोक्यावर किंवा फळीच्या गोल भोकातून आत हात घातल्यावर मानेतली सळई (मानेचा बाक कमी-जास्त करणारी) फिरवायचा नट दिसतो का?
भोकाच्या कडेवर फळीची जाडी बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरतात, की सँडविचसारखे थर दिसतात?

चटकमटक
१४ जून, रात्री ११:३१

इतकं काय त्यात? माझ्या भाच्याची अशीच मोडली होती. फेविक्विकची पाच रुपयांची ट्यूब, दहा सेकंद दाबून धरली, झालं. दोन वर्षं वाजवतोय.

रंधा
१४ जून, रात्री ११:४४

@चटकमटक, भाचा नशीबवान आहे. पातळ सुपरग्लू बारीक भेगेत छान शिरतो, त्याबद्दल वाद नाही. पण इथे भेग उघडीये, तिला नीट बसवायला दोन-तीन मिनिटं तरी लागणार, आणि हा पठ्ठ्या दहा सेकंदांत धरतो. अर्धा मिलिमीटर वाकडी बसली तर तशीच राहते. पुन्हा सोडवायला जावं तर गोंदाआधी लाकूडच तुटतं.

माळ्यावरचा
१५ जून, सकाळी ७:१५

तारा काल रात्रीच काढल्या. दोन गंजून तिथेच तुटल्या.

उत्तरं: भेग दातेरी आहे, काही ठिकाणी मोडलेल्या खडकासारखी. नट कुठेच दिसत नाही. भोकाच्या कडेला थर दिसतात, तीन असावेत.

बर्फातला_मराठी
१५ जून, सकाळी ८:०२

मिनेसोटातून लिहितोय. इथे हिवाळ्यात घरोघरी हीटर चालतात आणि हवेतलं पाणी जातं, त्यामुळे गिटारी तडकणं हा आमचा वार्षिक सण आहे. आतापर्यंत स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून सात-आठ जोडल्यात.

दातेरी भेग ही चांगली बातमी. चिकटायला जागा जास्त मिळते आणि तुकडे एकमेकांत किल्लीसारखे बसतात. तिथेच का मोडतं, तर डोकं मानेला कोन करून मागे झुकवलेलं असतं. मान एकाच लाकडातून कापली असेल तर त्या कोनापाशी लाकडाचे तंतू आखूड पडतात, आरपार जात नाहीत. गिब्सनच्या गिटारींत हा कोन परंपरेने १७ अंशांचा, त्यात सळईच्या नटासाठी तिथलंच लाकूड कोरलेलं. त्यामुळे तिकडच्या दुरुस्तीवाल्यांची निम्मी रोजीरोटी त्या जागेवर चालते म्हणतात. तुमच्याकडे नट नाही, म्हणजे तिथे लाकूड जरा जास्त शिल्लक आहे. फिरवता येणारी सळई नसणं म्हणजे कमअस्सल असंही नाही. मार्टिनसारख्या कंपनीने १९८५ पर्यंत ती दिली नव्हती.

थर दिसतात म्हणजे वरची फळी प्लायची आहे. तिची चीर बहुतेक वरच्याच थरात असेल. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च आत घालून बघा, आतून दिसत नसेल तर ती काळजी सोडा.

आता गोंद. पूर्ण सुरात ताणलेल्या बारा नंबरच्या (नंबर म्हणजे तारांची जाडी) तारांच्या संचाची एकूण ओढ सत्तर किलोच्या पुढे जाते. एक अख्खा माणूस मानेला रात्रंदिवस लटकलाय समजा. साधे पांढरे गोंद कपाटाला उत्तम, पण सुकल्यावरही थोडे लवचिक राहतात. सततच्या ओढीखाली, त्यातून उन्हाळ्यात, सांधा केसाकेसाने सरकत जातो. तुटत नाही, सरकतो. म्हणून पिवळा लाकूडगोंद घ्या. टाइटबाँडचा मूळ, लाल लेबलवाला. भारतात ऑनलाइन मिळतो. सुकल्यावर कडक होतो, आणि पुढेमागे गरम करून सोडवताही येतो. पाण्याला दाद न देणारा प्रकार घेऊ नका, तो चांगला असला तरी या कामाचा नाही.

मिरजेचा_भोपळा
१५ जून, दुपारी १:४०

पिवळा, पांढरा, लाल लेबल! राव, सरस विसरलात का सगळे?

आमच्या गल्लीत लहानपणी सकाळी दोन वास यायचे, एक चहाचा आणि एक सरसाचा. दुसरा पहिल्याला पुरून उरायचा. जनावराच्या कातड्या-हाडांचा तो गोंद. खडे रात्री पाण्यात भिजत घालायचे, सकाळी फुगून जेलीसारखे झाले की भांड्यात भांडं ठेवून पाण्यावर गरम करायचे. उकळू द्यायचा नाही, उकळला की जोर गेला. साधारण ६० अंश. बोटाला चटका बसेल पण भाजणार नाही इतपत, असं कारागीर सांगायचे. तंबोऱ्याची तबली (भोपळ्यावरची फळी), सतारीचा गळा, सगळं त्यावर. दांडी लाकडाची, खाली भोपळा मंगळवेढ्या-पंढरपूरकडचा, आणि दोघांना धरणारा सरस. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात थोडा वाटा त्या वासाचाही आहे.

सरसाची खुबी अशी की पन्नास वर्षांनी कुणाला वाद्य उघडायचं झालं, तर गरम ओलं फडकं आणि पातळ पातं पुरतं. आणि जुन्या सरसावर नवा सरस चिकटतो. जुन्या पिवळ्या गोंदावर नवा गोंद चिकटत नाही, तो आधी खरवडून काढावा लागतो.

रंधा
१५ जून, दुपारी २:०५

@मिरजेचा_भोपळा, सरसाला माझा दंडवत. पण शेल्फ उतरतं बसवणाऱ्या माणसाला पहिल्याच कामाला सरस द्यायचा? तो मिनिटाभरात थिजायला लागतो. जूनमध्ये थोडा वेळ जास्त मिळेल, तरी नको. (धागाकर्ते, ह.घ्या.)

माळ्यावरचा
१५ जून, रात्री ९:३०

हलकेच घेतलं.

आरसा घालून बघितलं, आतून चीर दिसत नाही. पण एक कबुली द्यायची आहे. आत बघताना ब्रिजच्या खाली दोन स्क्रूंची टोकं दिसली आणि सगळं आठवलं. २००४ मध्ये ब्रिज पहिल्यांदा उचलला होता तेव्हा मीच दोन भागांचं इपॉक्सी भरून वरून दोन लाकडी स्क्रू पिळले होते. वर काळा बूटपॉलिश लावलेला, म्हणून विसरायला झालं. म्हणजे माझाच उपाय माझ्यासमोर आलाय.

बर्फातला_मराठी
१५ जून, रात्री १०:१०

बूटपॉलिश!!

रंधा
१५ जून, रात्री १०:२५

आता कळलं. इपॉक्सी जुन्या गोंदावर आणि धुळीवर बसलं, स्क्रूंनी दोन ठिकाणी फळी पकडली, बाकी ब्रिज उचलतच राहिला. त्यात पंधरा-सोळा वर्षं तारा सुरात ताणून माळ्यावर, पत्र्याखाली की स्लॅबखाली?

माळ्यावरचा
१५ जून, रात्री १०:२८

स्लॅब. वरचा मजला. मे महिन्यात माळ्यावर हात घालवत नाही.

रंधा
१५ जून, रात्री ११:१२

मग तुमची गिटार माळ्यावरून पडून मोडली हे अर्धंच खरं. ती पंधरा वर्षं मोडत होती, रविवारी फक्त आवाज आला.

आधी मान. ती एकदाच करायची आहे, म्हणून आधी तीनदा खोटी खोटी करा. गोंदाशिवाय.

सायकलची जुनी ट्यूब आणा, पंक्चरवाला फुकट देईल. उभी कापून दोन बोटं रुंद, दोन-दोन मीटरच्या पट्ट्या करा, साबणाने धुवा. डोकं मागे दाबून भेग मिटवा आणि ट्यूब ताणून ताणून गुंडाळा. रबराचा दाब चहूबाजूंनी सारखा येतो, गोल मानेवर शिकंजा (क्लॅम्प) घसरतो तशी ट्यूब घसरत नाही. एक शिकंजा जोडीला हवा, पण त्याच्या दोन्ही तोंडांशी लाकडाचे ठोकळे आणि ठोकळ्यांवर सेलोटेप, नाहीतर ठोकळेच गिटारचे होतील. खोट्या बांधणीत भेग सगळीकडे मिटली नाही तर आत काहीतरी अडकलंय. ते सापडल्याशिवाय गोंदाचं झाकण उघडायचं नाही.

खऱ्या वेळेला सगळं हाताशी मांडून ठेवा. या गोंदाला चार ते सहा मिनिटं मिळतात, उकाड्यात त्याहून कमी. भेग उघडून आत गोंद सोडायचा, पातळ पत्त्याने किंवा जुन्या एक्स-रेच्या पट्टीने खोलवर ढकलायचा, डोकं दोन-चारदा किंचित हलवायचं म्हणजे तो मुरतो. मग बांधायचं. कडेने गोंदाचे मणी फुटले पाहिजेत. नाही फुटले तर कमी पडला. ओल्या फडक्याने पुसा आणि २४ तास विसरा. तारा मात्र आठवडाभर नाहीत, पावसाळी हवेत पाण्याचा गोंद सावकाश सुकतो.

अनामिका_क
१६ जून, सकाळी ११:००

वाचनखूण साठवली. आमच्याकडे व्हायोलिनची मान अशीच आहे. दाब देताना किती ताकद लावायची? जास्त आवळलं तर सगळा गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा पडत नाही का?

बर्फातला_मराठी
१६ जून, संध्या. ६:३५

@अनामिका_क, कोरडा पडतो ही भीती या गोंदाबाबत फार मनावर घेऊ नका, तंतूंमध्ये मुरलेला गोंद बाहेर येत नाही. पण व्हायोलिनला सरसच वापरा आणि शक्यतो जाणत्याकडे न्या. तिची दुरुस्ती उघडावी लागतेच कधी ना कधी, तिथे मी मिरजकरांच्या पक्षात आहे.

माळ्यावरचा
२१ जून, रात्री ११:४५

मान बांधली. सविस्तर लिहितो.

ट्यूब खरंच फुकट मिळाली. पंक्चरवाल्याने ‘गिटारला पंक्चर?’ विचारलं आणि नंतर स्वतःच पट्ट्या कापून दिल्या.

पहिली खोटी बांधणी: एका बाजूला नखाएवढी फट राहिली. दुसरी: तीच फट. चिरंजीवाने मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघितलं तर भेगेच्या आत एक कपची दुमडून बसली होती, लाकडाचीच, भाताच्या तुसाएवढी. पडताना उलटी वळलेली. शिवणकामाच्या सुईने तिला उभी करायला पाऊण तास लागला. एकदा वाटलं तोडून टाकावी, पण ‘तंतू ताजे ठेवा’ आठवलं. ती एकदाची आपल्या जागी बसली आणि पुढची बांधणी केली तर फट गायब. भेगेची रेघ शोधावी लागत होती. ते बघून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

खरी बांधणी शनिवारी दुपारी. पंखा बंद, कारण गोंद लवकर सुकेल म्हणून. घामाच्या धारा. गोंद एक्स-रेच्या पट्टीने ढकलला (माझ्याच २०११ च्या गुडघ्याचा एक्स-रे). डोकं हलवलं तसा भेगेतून चुळुक चुळुक आवाज येत होता. ट्यूब चिरंजीवाने ताणली, मी फिरवली. चौथ्या वेढ्याला स्वयंपाकघरातून ‘कुकर बंद करा कुणीतरी’ अशी हाक आली. कुणी हललं नाही. दोन शिट्ट्या जास्त झाल्या, वरण गाळ झालं. पण मणी फुटले, दोन्ही कडांनी, ओळीने.

आज ट्यूब सोडली. रबराचे ठसे आहेत, बाकी अंगठा फिरवला तर कळतही नाही. आता ब्रिज. स्क्रू काढले, तरी तो इपॉक्सीला धरून बसलाय.

रंधा
२२ जून, सकाळी ६:५०

जियो. ती कपची तोडली असती तर तिथे कायमचा खड्डा राहिला असता.

ब्रिजला उष्णता लागेल. आजूबाजूच्या फळीवर पुठ्ठा आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, मधे ब्रिजच्या मापाचं भोक. इस्त्री मध्यम, थेट ब्रिजवर, दोन-तीन मिनिटं. मग पातळ, बोथट, गरम पातं मागच्या बाजूने सरकवा. लाकडाच्या रेषा जिकडे जातात त्या दिशेने. ढकलू नका, वाट बघा. पुन्हा इस्त्री, पुन्हा पातं. इपॉक्सीला साध्या गोंदापेक्षा जास्त ताप लागतो, वास येईल, खिडक्या उघड्या ठेवा.

नागपुरी_ऊन
२२ जून, दुपारी ३:१८

भाऊ, मी पण शिरतो मध्ये. तुमचं उलटं आहे आमच्यापेक्षा. तुमच्याकडे ओलीने फळी फुगते, आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशात सुकून तडकते. फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं मानेच्या बाहेर येऊन हात ओरबाडतात, म्हणजे लाकूड आखडलं अन् धातू तसाच राहिला. माझी अख्ख्या लाकडाची फळी आहे, स्प्रूसची, तिला आरपार चीर गेली. मी घाईने गोंद भरून राहिलो होतो. इथल्याच एकाने थांबवलं.

आधी तिला पाणी पाजलं. म्हणजे साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज, डबी भोकातून आत लटकवली, वरून भोक झाकलं, गिटार केसमध्ये. चार दिवसांत चीर आपोआप मिटली! मग गोंद बोटाने चोळला, आतून-बाहेरून हलकं दाबून मुरवला. आतल्या बाजूने आइस्क्रीमच्या काडीचे तीन तुकडे आडवे चिकटवले, काडीच्या रेषा चिरेला काटकोनात. दाबायला आत एक लोहचुंबक, बाहेर एक, मधे कागद. जपून, जोरदार चुंबक एकमेकांकडे झेपावतात, फळीवर खळगा पडतो. माझ्या फळीवर एक आहे.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र केसमध्ये ठेवा. ४५ ते ५५ टक्के असली की गिटार खूश असते.

मडगांवकार
२२ जून, रात्री ८:५०

४५ ते ५५! आमच्या गोव्यात जुलैत तो काटा ९० च्या फारसा खाली येत नाही, बाब. इथे घरोघरी गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन. जुनी माणसं कपाटात बारीक बल्ब लावून ठेवायची, कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून, आणि वाद्यंही त्यातच. बल्ब मात्र वाद्यापासून लांब, खाली कोपऱ्यात. जवळ ठेवलात तर गोंद सुटतो. आणि उन्हात बंद गाडीत गिटार ठेवून लग्नाला जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत ब्रिज वेगळा. हे माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे, गाडी माझीच होती.

चटकमटक
२२ जून, रात्री ९:४०

गोंद, शिकंजे, ठोकळे, तारा. एवढ्या खर्चात सेकंडहँड गिटार येईल की! आणि ११ सेंटीमीटरच्या चिरेचं काय केलंत?

माळ्यावरचा
२३ जून, रात्री १०:३०

@चटकमटक, हिशेब ठेवलाय: गोंद ४८०, दोन शिकंजे ४००, तारा ३५०, बोल्ट-वायसर ४०. एकूण १२७०. कुकरचं वरण धरलेलं नाही. चिरेत पातळ गोंद चोळून पुसून घेतला, फक्त वरचाच थर होता. दिसते, पण नख अडकत नाही.

ब्रिज निघाला, पण विनाअपघात नाही. पुढच्या कोपऱ्यात मी वाट बघण्याऐवजी ढकललं. ब्रिजबरोबर प्लायच्या वरच्या थराचा तिकिटाएवढा पापुद्रा निघून आला. शिवाय फॉइल एका जागी सरकली होती, तिथे पॉलिशला फोड आलाय, पुरीसारखा. ब्रिजची खालची बाजू घासली तर वर काळा, आत पांढरट. म्हणजे रंगवलेलं लाकूड. मी इतकी वर्षं शिसवी समजत होतो!

बर्फातला_मराठी
२४ जून, सकाळी ७:३०

पापुद्रा ब्रिजवरून सोडवून परत जागेवर चिकटवा, आधी तो, मग ब्रिज. फोडाला हात लावू नका. शिसवीचं वाईट वाटून घेऊ नका. आपलं शिसवी जगभरच्या महागड्या गिटारींत जातं, मार्टिनने १९६९ मध्ये ब्राझीलचं सोडून तेच धरलं. १८०० रुपयांच्या गिटारला त्यातलं कुठून मिळणार?

बसवण्याआधी माप घ्या. डोक्याकडच्या नटपासून (तारा ज्या खाचांतून डोक्याकडे जातात ती पट्टी, सळईचा नट नव्हे) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट करा, सॅडलचा (ब्रिजच्या खोबणीतली, तारा टेकतात ती पट्टी) मध्य त्याहून दोन-तीन मिलिमीटर मागे यायला हवा, जाड तारेकडे जरा जास्त. तिथे नसेल तर गिटार वर वर बेसूर होत जाते. जुनं इपॉक्सी दोन्हीकडून कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडा. स्क्रूच्या भोकांत लाकडी काड्या घट्ट बसवून कापून टाका.

दाबायला लांब तोंडाचे शिकंजे महाग पडतात. ब्रिजमध्ये तारा अडकवायच्या खुंट्यांची सहा भोकं आहेत ना? पहिल्या आणि सहाव्यातून ४ मिलिमीटरचे बोल्ट घाला, आत फळीचा तुकडा, वर ठोकळा, वायसर आणि नट. बोल्टला मेण लावा, नाहीतर तोही वाद्याचा अवयव होईल.

माळ्यावरचा
३ जुलै, रात्री ११:०५

ब्रिज बसवून आठवडा झाला. माप ३२५ चं दुप्पट ६५०, सॅडल ६५२ वर आलं. २००४ मध्ये मी ते ६४८ वर बसवलं होतं. तेव्हा बेसूर वाजायची त्याचा दोष मी तारांना देत होतो.

आज तारा चढवल्या. दहा नंबरचा हलका संच, आणि सूर एक पूर्ण स्वर खाली. एकेक तार चढवताना चिरंजीव मानेकडे बघत उभा, मी खुंटी पिळतोय. प्रत्येक तारेनंतर पाच मिनिटं थांबलो. सांध्याला आडवी एक बारीक पेन्सिलची रेघ मारून ठेवली आहे. सांधा सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.

तारा फार उंच आहेत. बाराव्या फ्रेटवर साडेतीन मिलिमीटर.

मडगांवकार
३ जुलै, रात्री ११:३०

अडीचपर्यंत आणा. सॅडल काढून खालून घासा, वरून नाही. बाराव्यावर जितकं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं. म्हणजे एक मिलिमीटरला दोन. पण एकदम नको, सॅडल पुरतं खोबणीत बुडालं तर तारांना कोन मिळत नाही. सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर, पेन्सिलची खूण, आणि पोर दोन्ही टोकं सारखी घासतोय का बघा.

मिरजेचा_भोपळा
४ जुलै, सकाळी ९:१५

आमच्याकडे यालाच जवारी काढणं म्हणतात, फक्त तिथे घोडीचा (म्हणजे तुमच्या ब्रिजचा) माथा असा घासतात की तारेने घोडीला चाटत जावं. तुमच्या गिटारीत तार चाटली की तुम्ही त्याला खरखर म्हणता. आपापला कान.

माळ्यावरचा
९ जुलै, रात्री १०:२०

सॅडल दीड मिलिमीटर घासलं, उंची पावणेतीनवर आली. आता थांबतो, खोबणीबाहेर फार उरलं नाही.

मोकळी ‘जी’ तार (तिसरी) झिणझिणते, पहिला फ्रेट दाबला की बंद होते. म्हणजे नटची खाच खोल गेलेली असावी?

चिरंजीवाला तीन कॉर्ड येतात. एफ येत नाही. बोटं दुखतात म्हणतो, दाखवतो, आणि पुन्हा घेऊन बसतो. आज पहिल्यांदा हिने दिवाणखान्यातला टीव्ही बंद केला. ऐकण्यासाठी की चिडून, हे विचारलं नाही.

पेन्सिलची रेघ अखंड आहे.

रंधा
९ जुलै, रात्री १०:४१

हो, खाच खोल गेली. खाचेत चिमूटभर खायचा सोडा भरा, वरून सुपरग्लूचा एक थेंब. क्षणात दगड होतो. मग तारेच्या जाडीची खाच सुईच्या कानसीने पुन्हा पाडा. तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर तार जेमतेम सुटलेली हवी, कागद जाईल इतकी. @चटकमटक, घ्या, तुमच्या फेविक्विकला काम मिळालं.

चटकमटक
९ जुलै, रात्री १०:४४

मी पहिल्याच दिवशी सांगत होतो.

माळ्यावरचा
९ जुलै, रात्री १०:५८

सोडा मागितला तर ‘आता त्याचंही वरण करणार का’ असं उत्तर आलं आहे. उद्या दुकानातून आणतो.